वेगवान मोटारीचे सोयरे

एकत्र कुटुंबांत नवी मोटार येते तेव्हां तिचें आगमन नव्या सुनेच्या गृहप्रवेशाहून फारसें निराळें नसतें. हळदकुंकवाचें बोट लागतें, चाकांखालीं लिंबें ठेवलीं जातात, वडील मंडळींस पुढच्या आसनावर बसवून गणपतीच्या देवळापर्यंत एक फेरी होते, आणि शेजारींपाजारीं पेढे वांटले जातात. गाडी साधी असेल तर एवढ्यावर भागतें. परंतु ती वेगासाठीं घडविलेली असेल, तर पेढे संपल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: हिची नाडी पाहणारा कोण, आणि हिच्याविषयीं दोन शहाणपणाच्या गोष्टी बोलाव्या कोणाशीं? घरांतील तरुणास हीं उत्तरें ठाऊक असतील असें वडिलांस वाटतें. तरुणास वाटतें कीं गाडीबरोबर तीं आपोआप घरीं येतील. दोघांचीहि समजूत बहुधा फसवी ठरते. मोटार एका दिवसांत घेतां येते, तिचे सोयरे जोडावयास वर्ष जातें. आणि तें वर्ष कसें घालवावें याविषयीं आम्हांस आज थोडें सविस्तर लिहावयाचें आहे.

वेगवान मोटार म्हटली कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें जमिनीला टेंकलेली, दोघांपुरतीच जागा असलेली विलायती गाडी येते. आमच्या वाचकांच्या घरीं तशी गाडी येण्याचा संभव थोडा. त्यांच्या दारीं येते ती पांच माणसांची, सामानाचा ऐसपैस कप्पा असलेली, परंतु इंजिनानें मात्र तालमींतून निघालेली गाडी. उदाहरणादाखल पुण्याच्या उत्तरेस चाकण येथें तयार होणारी फोक्सवॅगनची व्हर्टस घेऊं. 'फोक्सवॅगन' या जर्मन शब्दाचा अर्थ जनतेची गाडी, आणि 'व्हर्टस' या लॅटिन शब्दाचा अर्थ पराक्रम; तेव्हां या जनतेच्या गाडीनें नांव तरी क्षत्रियाचें घेतलें आहे. २०२२ सालच्या जूनमध्यें ती आपल्या बाजारांत आली. तिच्या 'जीटी' प्रकारांत १४९८ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन असून त्याची शक्ति १५० अश्वशक्ति, आणि टॉर्क, म्हणजे आंस पिळण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर आहे. उभी गाडी सुमारें नऊ सेकंदांत ताशीं १०० किलोमीटरचा वेग घेते. आघातपरीक्षेंत ग्लोबल एनकॅप या संस्थेनें २०२३ सालीं तिला पांच तारे दिले, ही गोष्ट आजीबाईंना तिच्या अश्वशक्तीपेक्षां अधिक महत्त्वाची वाटेल आणि तें योग्यच आहे.

या इंजिनाचा सारा डौल टर्बोवर उभा आहे. टर्बो म्हणजे एकाच आंसावर बसविलेले दोन लहान पंखे. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतानें एक फिरतो. त्याच्याबरोबर दुसरा फिरून बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतो. हवा अधिक म्हणून पेट्रोल अधिक, पेट्रोल अधिक म्हणून जोर अधिक. हे पंखे भरांत आले म्हणजे मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतात, आणि त्या आंसाला आधार असतो तो तेलाच्या एका पातळ थराचा. तेल हलक्या जातीचें असलें किंवा बदलावयास उशीर झाला, तर पहिला बळी कोणाचा पडेल हें निराळें सांगावयास नको. शिवाय भार हलका असतां या इंजिनाचे चारांपैकीं दोन सिलिंडर आपोआप विश्रांति घेतात, आणि त्याला जोडून येणारी सात गतींची पेटी दुहेरी क्लचची असून गति बदलण्याचें काम स्वतःच करते. ज्या मिस्त्रीनें आपल्या वडिलांची अँबॅसडर वीस वर्षें आवाजावरून ओळखून चालती ठेवली, त्याच्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु केवळ त्या पुण्याईवर ही गाडी त्याच्या स्वाधीन करतां येणार नाहीं.

हमीचीं वर्षें चालू आहेत तोंवर ठरलेली देखभाल कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेंतच करावी, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. तेथें पैसे अधिक पडतात हें खरें. पण पुढें मोठा भाग निकामी झाला तर त्या पावत्याच आपल्या बाजूनें साक्ष देतात. अडचण निराळीच आहे. तेथें आपली गांठ पडते ती स्वच्छ सदरा घातलेल्या, हातांत फळी धरलेल्या सल्लागाराशीं. प्रत्यक्ष पाना फिरविणारा हात कोणाचा, हें कळतच नाहीं. आमची सूचना अशी कीं, पहिल्याच भेटींत तो हात कोणाचा आहे हें विचारून घ्यावें, त्या कारागिराशीं दोन शब्द बोलावे, त्यानें काय पाहिलें तें त्याच्याच तोंडून ऐकावें, आणि पुढच्या खेपेस गाडी त्याच्याचकडे द्यावी असा आग्रह धरावा. असा आग्रह धरणारें गिऱ्हाईक विरळा असल्यामुळें तो बहुधा मानला जातो. यांत दुसराहि लाभ आहे. स्वतंत्रपणें दुकान थाटणारे उत्तम कारागीर पुष्कळदां अशा कार्यशाळांतूनच हात बसवून बाहेर पडलेले असतात; आज जो तेथें नोकर आहे तो पांच वर्षांनीं, आपली हमी संपेल त्या सुमारास, भोसरीस स्वतःची पाटी लावून बसलेला आढळण्याचा संभव पुष्कळ.

हमीबाहेरचा मिस्त्री शोधण्याची रीत मात्र अगदीं निराळी आहे, आणि बहुतेक लोक येथेंच फसतात. ते आपल्यासारख्याच नव्या गाडीवाल्यांना विचारतात. नव्या गाडीवाल्यास काय ठाऊक असणार? त्याची गाडी अजून बिघडलीच नाहीं. ज्याची प्रकृति उत्तम आहे त्याला चांगला वैद्य कोणता हें विचारण्यांत अर्थ नाहीं. विचारावें तें जुन्या दुखणेकऱ्यास, आणि तोहि चालता-बोलता असावा.

तेव्हां आपल्या गाडीच्या घराण्यांतली जुन्यांत जुनी गाडी शहरांत कोण चालवितो, तें शोधावें. चाकणच्या गाडीला असें घराणें आहे. २००१ सालापासून त्या वेळच्या औरंगाबादेजवळ, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, शेंद्रा येथें स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळविली जाऊं लागली, आणि २००४ सालीं तिचा 'आरएस' हा वेगवान प्रकार आला. त्याचें १.८ लिटरचें टर्बो इंजिनहि १५० अश्वशक्तीचेंच होतें. त्यानंतर २०१३ सालीं चाकणची पोलो ही लहान गाडी टर्बो इंजिन व दुहेरी क्लच घेऊन 'जीटी टीएसआय' या नांवानें आली. आपल्याकडे पोलोचें उत्पादन २०२२ सालीं बंद झालें, तरी रस्त्यांवर त्या गाड्या आजहि पुष्कळ दिसतात. विसांहून अधिक वर्षांची ऑक्टाव्हिया जो मनुष्य अजून हौसेनें चालवितो, त्यानें शहरांतील सारे मिस्त्री पारखून, तीन ठिकाणीं फसून, चौथ्या ठिकाणीं स्थिर झालेला असतो हें नक्की समजावें. तो चौथा पत्ता आपणांस पाहिजे आहे. असा गृहस्थ पेट्रोलपंपावर, गाडी धुण्याच्या जागीं, किंवा सोसायटीच्या आवारांत गांठ पडल्यास संकोच न करतां गाडीची स्तुति करावी. आमच्या पाहण्यांत जुन्या वेगवान गाडीचा मालक आपल्या गाडीची स्तुति ऐकून घाईनें निघून गेला आहे असें एकदांहि घडलेलें नाहीं; उलट त्यास निरोप देणेंच कठीण जातें.

पत्ता मिळाला म्हणजे पाटी पाहूं नये. सुटे भाग हवे असतील तर पुण्यांत नाना पेठ आहे, मुंबईंत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता आहे, आणि इंजिनाचें बोअरिंग वा घडाईचें काम निघालें तर कोल्हापूरच्या उद्यमनगराचा हात धरणारें ठिकाण आम्हांस ठाऊक नाहीं. पण टर्बोची गाडी सांभाळणारा कारागीर पुष्कळदां एखाद्या आडबाजूच्या शेडांत, पत्र्याखालीं, चार गाड्यांच्या जागेंत बसलेला असतो. तेथें पहिल्या दिवशीं गाडी देऊं नये. नुसतें जावें, चहा घ्यावा, आणि तासभर पाहत बसावें.

काय पाहावें? सर्वांत आधीं चाक. चाक काढून पुन्हां बसवितांना शेवटचें आवळणें तो कशानें करतो? वाऱ्याच्या बंदुकीनें धडधड आवळून मोकळा होतो, कीं ठराविक जोराला 'टक्' असा आवाज करणारा टॉर्कचा पाना हातीं घेऊन एकेक बोल्ट समोरासमोरच्या क्रमानें आवळतो? आपल्या उदाहरणांतील गाडीच्या चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावयाचे असतात. कमी आवळले तर सैल होतील आणि फार आवळले तर आटे जातील. जो मनुष्य चाकाच्या बोल्टाला हा मान देतो, तो इंजिनाच्या बोल्टालाहि देईल. दुसरें, तेलाविषयीं विचारावें. "चांगलें महागडें टाकतों" हें उत्तर नव्हे. गाडीच्या पुस्तिकेंत तेलाचा मानक-क्रमांक छापलेला असतो. पुस्तिका उघडून तो क्रमांक व डब्यावरील क्रमांक ताडून पाहणारा मिस्त्री भेटला तर तेथें अर्धें काम झालें. तिसरें, गाडी खोलण्यापूर्वीं तो संगणक जोडून तिनें नोंदवून ठेवलेल्या तक्रारी वाचतो कीं अंदाजानेंच भाग बदलूं लागतो? चौथें, काढलेले जुने भाग तो न मागतां परत देतो काय? लेखी पावती देतो काय? काम झाल्यावर फेरी मारतांना मालकास शेजारीं बसवून घेतो काय? हे सारे प्रश्न किरकोळ दिसतील, परंतु दागिना घडवावयास टाकतांना आपल्या घरच्या स्त्रिया सोनारास याहून अधिक प्रश्न विचारतात, आणि दागिना तर ताशीं शंभरांच्या वेगानें धांवत नाहीं.

आणखी एक कसोटी आम्ही सर्वांत मोठी मानतों. त्याच्याकडे एखादें अनावश्यक काम मागून पाहावें. "हें आत्तां करण्याची गरज नाहीं, दहा हजार किलोमीटरांनीं या," असें म्हणून जो पैसे परत लोटतो, त्याचें दुकान कितीहि मळकट असो, तेथें गाडी ठेवून निर्धास्त घरीं जावें.

आतां ज्या विषयावरून घरोघर कुजबूज चालते त्याकडे वळूं. १५० अश्वशक्ति मिळाली म्हणजे तरुण मनास १८० हवीशी वाटते, आणि ती देणारेहि तयार असतात. पूर्वी इंजिनाचा जोर वाढविणें म्हणजे तें खोलून घांसणें, घडविणें असे. आतां इंजिनाचा कारभार एका लहान संगणकाकडे आहे. टर्बोनें हवा किती दाबावी, ठिणगी केव्हां पाडावी, पेट्रोल किती सोडावें, याचीं कोष्टकें त्यांत लिहिलेलीं असतात. कोष्टकें बदललीं कीं तासाभरांत जोर वाढतो. पाना लावावा लागत नाहीं. पी हळद आणि हो गोरी, असा हा प्रकार दिसतो, आणि पहिल्या फेरींत गाडी खरोखरच गोरी झालेली दिसते.

परंतु इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोंचतो तो गिअरच्या पेटींतून. वर ज्या सात गतींच्या पेटीचा उल्लेख केला, तिचे क्लच तेलांत बुडालेले नसून कोरडे असतात, आणि ती २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा जोर पेलण्यासाठींच आंखलेली आहे. मूळ इंजिन देतें तेंहि नेमकें २५०. कारखान्यांतल्या इंजिनिअरांनीं हा आंकडा सहज गंमत म्हणून निवडलेला नाहीं. त्यावर आणखी पन्नास चढविले तर पेटी त्याच दिवशीं मोडत नाहीं; ती महिनोन्महिने क्लचच्या झिजेनें व्याज भरीत राहते. सहा गतींची हातानें चालविण्याची पेटी घेतली असेल तर हा विशिष्ट धोका टळतो, पण टर्बो व पिस्टन यांच्यावरचा ताण टळत नाहीं. शंभर ऑक्टेनचें पेट्रोल भरा म्हणजे झालें, असेंहि सांगितलें जातें. असें पेट्रोल इंडियन ऑइलनें १ डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे विकावयास काढलें आहे, आणि तें उत्तमच आहे. पण ऑक्टेनचा आंकडा म्हणजे पेट्रोल अवेळीं पेट घेण्यास किती प्रतिकार करतें त्याचें माप. तो वाढला म्हणजे इंजिन वांचतें, क्लच नव्हे.

आमच्या परिचयांतील एका घरीं हें नाटक सर्व अंकांसह झालें. चार भावांचें एकत्र कुटुंब. गाडी थोरल्या भावाच्या नांवें कर्ज काढून घेतलेली, पण हौस धाकट्याची. टर्बोचें इंजिन, दुहेरी क्लचची पेटी. धाकट्यानें घरीं न सांगतां एका रविवारीं कोष्टकें बदलून आणलीं. सात-आठ महिने आनंदांत गेले. मग चढावर गाडी थरथरूं लागली, इंजिनाचे फेरे वाढत आणि गाडी मागेंच राही. अधिकृत कार्यशाळेंत संगणक जोडतांच त्यानें आपलीं कोष्टकें पुन्हां लिहिलीं गेल्याची कबुली दिली, कारण असें लेखन किती वेळां झालें याची गणती तो स्वतःच ठेवतो. हमी नाकारली गेली. त्याच गाडीनें घरच्या काकूंना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्यांतून तीनदां व्यायामोपचारास नेत असत. ती पंधरवडाभर उभी राहिली आणि काकू रिक्षांतून हिसके खात गेल्या. थोरल्यानें पैसे भरले. पैशाविषयीं तो एक अक्षर बोलला नाहीं, आणि न बोलण्यानेंच घरांत फार बोललें गेलें. शेवटीं एका जुन्या ऑक्टाव्हियावाल्यानें भोसरीचा एक कारागीर दाखविला. त्यानें क्लच बदलले, मूळचीं कोष्टकें पुन्हां भरलीं, आणि "माझ्याकडून हिचा जोर वाढवून मिळणार नाहीं," हें पहिल्याच दिवशीं बजावलें. तो धाकटा अजून दर शनिवारीं त्याच्या शेडांत जातो. आतां त्याला ब्रेकच्या पट्ट्या स्वतः बदलतां येतात, आणि थोरला भाऊ पुन्हां त्याच्या शेजारच्या आसनावर बसूं लागला आहे.

कायदाहि या बाबतींत स्पष्ट आहे, आणि घरच्या कर्त्या पुरुषानें तो माहीत करून घ्यावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून निराळा पडेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच उचलून धरलें, आणि त्याच सालच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड ठेवला. विमा कंपनीस न कळविलेला फेरफार हें तर दावा नाकारण्यास आयतें निमित्त. धुराची नळी बदलून गल्ली हादरविणाऱ्यांविषयीं आम्ही निराळें लिहीत नाहीं. शेजारच्या वाड्यांतील आजोबा त्यांच्याविषयीं रोज पहांटे जें बोलतात त्यांत भर घालण्याजोगें आमच्याजवळ कांहीं नाहीं.

मिस्त्रीचें झालें, आतां सोबत्यांचें. समव्यसनी मंडळी हवीच. घरांत टायरच्या दाबाविषयीं कोणी पंधरा मिनिटें ऐकून घेत नाहीं, आणि घेऊंहि नये. पण सोबती निवडावयाचे असतात. उंटावरचे शहाणे पुष्कळ भेटतील. त्यांना दुसऱ्याच्या गाडींत काय बसवावें हें नेहमीं ठाऊक असतें. ते निरुपद्रवी असतात, चहापुरते ठीक. मध्यरात्रीनंतर मोकळ्या रस्त्यावर पैजा लावणारे मात्र दुरून ओळखून टाळावे. सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत करणें हा कायद्याच्या १८९ व्या कलमाखालीं गुन्हा असून पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीहि, होऊं शकतात. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर सपाटीला मोटारीस वेगमर्यादा ताशीं १०० किलोमीटर आहे आणि घाटांत त्याहून बरीच कमी. तेथें पराक्रम गाजविण्यास जागा नाहीं. व्हर्टस हें नांव असलें तरी नाहीं.

चांगल्या सोबत्याची एक खूण आहे. त्याच्या गाडीचे टायर पाहावे. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. ३१२४ असें असेल तर तो २०२४ सालच्या एकतिसाव्या आठवड्यांत बनलेला. ज्याच्या गाडीवर चकचकीत रंगाच्या पट्ट्या आहेत पण टायर आठ वर्षांचे आहेत, त्याच्यापासून शिकण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याची गाडी बाहेरून साधी, पण टायर ताजे आणि ब्रेकचें तेल वेळेवर बदललेलें, तो रविवारीं पहांटे ताम्हिणीच्या बाजूस फराळाला चला म्हणाला तर अवश्य जावें. अशा मंडळींत घाटांत कोणी कोणास मागें टाकीत नाहीं, आणि मिसळीच्या दुकानीं वादविवाद मात्र शर्यतीसारखे रंगतात. त्यांत बहुधा एखादा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी असतो. हीं मुलें वर्षभर खपून स्वतःच्या हातानें लहानशी शर्यतीची गाडी बनवितात आणि 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेसाठीं ती कोइमतूरजवळच्या करी स्पीडवेवर घेऊन जातात. वयानें लहान म्हणून त्यांस कमी लेखूं नये. चाकांचा कोन अर्ध्या अंशानें चुकला तर टायर कसा खातो हें त्यांच्याइतकें स्वच्छ आम्हांस कोणीं समजावून दिलेलें नाहीं.

मोटारवाल्यांनीं संघ करून राहण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन मुंबईंत १९१९ सालीं स्थापन झाली. १९६८ सालीं लंडनहून सिडनीस निघालेल्या शर्यतीच्या मोटारी खैबर खिंडींतून उतरून मुंबईस आल्या आणि येथेंच जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाकडे गेल्या.

वेगाची हौस फेडावयाची ती मैदानावर, आणि घोडा-मैदान आतां खरोखरच जवळ आलें आहे. पूर्वी पुण्याच्या मनुष्यास त्यासाठीं सुमारें १२०० किलोमीटर जाऊन चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ३.७ किलोमीटरचा मार्ग गांठावा लागे, किंवा २००३ सालीं सुरू झालेलें कोइमतूरचें करी स्पीडवे. दिल्लीजवळचें बुद्ध सर्किट २०११ सालीं झालें आणि २०१३ पर्यंत तीन वर्षें तेथें फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या; पण आपल्या घरगुती गाडीला तें फार दूर. आतां तळेगांवच्या बाजूस नाणोली येथेंहि असा मार्ग झाला आहे. लोणावळ्याच्या पलीकडे अँबी व्हॅलीच्या धांवपट्टीवर सरळ रेषेंतल्या शर्यती झालेल्या आहेत. मैदानावर गेल्याचा पहिला लाभ असा कीं, आपणांस गाडी चालवितां येत नाहीं हें अर्ध्या तासांत कळतें. दुसरा असा कीं, तेथें भेटणारी माणसें वेगाविषयीं फुशारकी न मारतां ब्रेकविषयीं बोलतात.

हा पुरुषांचा उद्योग आहे अशी समजूत ज्या घरीं असेल तेथें एक नांव सांगावें. पुण्याच्या डायना पंडोले यांनीं २०२४ सालीं एमआरएफच्या राष्ट्रीय शर्यतींत सलून वर्गाचें अजिंक्यपद मिळविलें. मोटारशर्यतीचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. तेव्हां मैदानावर जाण्याचा बेत ठरेल त्या दिवशीं सुनेनें किंवा लेकीनें मीहि येतें म्हटलें, तर डबा करण्याचें काम त्या दिवशीं दुसऱ्या कोणीं पतकरावें. शिवाय घरांत जीं जीं माणसें ती गाडी चालवितात त्यांपैकीं प्रत्येकास तिचा ब्रेक खरोखर किती जोरानें लागतो हें एकदां तरी मोकळ्या जागीं अनुभवितां आलें पाहिजे.

मैदानावर जाण्यापूर्वीं करावयाच्या दोन-चार गोष्टी सांगतों. विम्याचें पत्र काढून वाचावें; खासगी मोटारीच्या विम्यांतून शर्यत व वेगचांचणी बहुधा वगळलेली असते, म्हणजे तेथें जें मोडेल तें आपल्याच खिशांतून. हें घरांत आधीं बोलून घ्यावें. ब्रेकचें तेल नवें घालावें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट-४ जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं, पण पाण्याचा अंश शिरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत खालीं येऊं शकते, आणि तेल उकळलें कीं पायाखालचें पॅडल सरळ तळाला जातें. टायरांतील हवा थंड असतां मोजावी. गाडींतील छत्री, पाण्याच्या बाटल्या, मुलांचीं खेळणीं, गणपतीची लहान मूर्ति, सारें काढून घरीं ठेवावें. शिरस्त्राण दुसऱ्याचें न मागतां आपल्या मापाचें न्यावें. शेवटचा फेरा सावकाश घ्यावा, म्हणजे टर्बो व ब्रेक निवतील. गाडी तेथेंच बंद पडली तर ती घरीं कशी आणावयाची याची सोय निघण्यापूर्वींच मिस्त्रीशीं बोलून ठेवावी. आणि जेवणाला किती वाजतां परत येऊं, तें घरांत खरें सांगून जावें.